'मायनॉरिटी डिस्काउंट'ला मराठीत काय म्हणावं?

कृष्णाकाठ:
आमच्या घरच्या प्रायव्हेट लिमिटेडचा मूल्यांकन अहवाल काकूंसाठी मराठीत आणतेय. काका गेले, त्यांचे 20 टक्के शेअर्स आता काकूंच्या नावावर आहेत. अख्ख्या कंपनीची किंमत 10 कोटी, पण काकूंचे सरळ 2 कोटी धरलेले नाहीत, त्यातून 'मायनॉरिटी डिस्काउंट' कापलाय. मी 'अल्पसंख्याक सवलत' लिहिलं. काकूंनी विचारलं, "ही सरकारी योजना का? आणि सवलत मला मिळणार, की मी द्यायची?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. शब्द सुचवा.

रोजकीर्द:
सवलत नकोच. कॉमर्सला आम्ही 'कसर' शिकलो. 'अल्पसंख्याक'ही चूक. एकाकडे 60 टक्के आणि चाळीस जणांकडे मिळून 40 असतील, तर संख्येनं जास्त कोण? इथे डोकी नाही, शेअरमागची मतं मोजतात. 'अल्पभूधारक'सारखं 'अल्पभागधारक' करा.

सह्यगिरी:
सायरस मिस्त्रींना अध्यक्षपदावरून काढल्यावरून झालेल्या टाटा सन्सच्या खटल्यात शापूरजी पालनजी समूहाचा हिस्सा 18.37 टक्के होता. तो काय अल्प? तरी 2021 साली सर्वोच्च न्यायालयात हरलेच. संचालक कोण, लाभांश किती, हे काकूंना ठरवता येत नाही, म्हणून गिऱ्हाईक कमी पैसे देतं. 'बिनताब्याची कसर' म्हणा.

रोजकीर्द:
सगळेच बिनताब्याचे नसतात हो. कंपनीच्या काही मोठ्या निर्णयांना विशेष ठराव लागतो, त्याला तीन चतुर्थांश मतं लागतात. 26 टक्केवाला तो अडवू शकतो, 20 टक्केवाल्याला एकट्यानं ते जमेलच असं नाही. दोघांची कसर सारखी कशी?

शब्दनिष्ठ:
ताबा अरबी, कसर अरबी. 'नियंत्रण' आणि 'न्यूनता' हाताशी असताना?

सह्यगिरी:
'ताबे' म्हणजे मागून चालणारा, त्यावरूनच ताबेदार. काकूंची अवस्था नेमकी तीच आहे. आणि 'कसर भरून काढली' म्हणताना कोणाला अरबी आठवतं?

शब्दनिष्ठ:
आठवत नाही म्हणून शब्द आपला होत नाही.

हळदपेठ:
आजोबांची सांगलीला अडत होती. हुंडी मुदतीआधी वटवली की कापलं जाई तो 'वटाव', आणि पेढीतला हिस्सा म्हणजे 'पाती'. पण भाऊबंदांत कुणी पाती सोडली, तर तिला वटाव लावत नसत. पूर्ण हिश्श्याचा हिशेब होई. ताई, काकूंचे शेअर्स घेतंय कोण? बाहेरच्यासाठी कसर समजू शकते. ज्यांच्या हाती आधीच 80 टक्के आहेत, त्यांना ताबा नसल्याची अडचण थोडीच येणार? मग कसर कशाची?

कृष्णाकाठ:
घेणारे माझे बाबा आणि धाकटे काकाच आहेत. अहवालात याचा उल्लेखच नाही. अनुवाद थांबवलाय, आधी बाबांशी बोलते.

शब्दनिष्ठ:
'पाती' मात्र तपासायला हवा. 'पत्र'वरून आला असेल, तर माझी हरकत नाही.