एप्रिलच्या उन्हात ३ किलोवॅटचं सोलर २.३ वरच का थांबतं, अंदाज कसा काढायचा?

तासगावकर:
घरावर ५४० वॅटचे ६ पॅनल आहेत, म्हणजे ३२४० वॅट. सध्या दुपारी ३८ डिग्री, गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही एवढं ऊन, तरी अॅपवर आकडा २.३ किलोवॅटच्या वर सरकेना. फेब्रुवारीत यापेक्षा जास्त दाखवायचा. इन्स्टॉलर म्हणतो नॉर्मल आहे, पण मला स्वतः हिशोब घालून बघायचाय. कसं काढतात हे?

कृष्णाकाठ:
दादा, ५४० हा आकडा लॅबमधला. चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेल २५ डिग्रीला, तेव्हाचा. तुमचे ३८ हे हवेचे झाले, पॅनल त्याच्या कितीतरी वर तापतं. डेटाशीटमध्ये एनओसीटी बघा, म्हणजे २० डिग्री हवेत आणि ८०० वॅट उन्हात सेल किती तापतो तो आकडा, बहुतेक ४५ च्या आसपास असतो. त्यातून २० वजा करा, ८०० ने भागा, उन्हाने गुणा आणि हवेचं तापमान मिळवा. ऊन ९५० धरलं तर ३८ अधिक ३० म्हणजे ६८ डिग्री. २५ च्या वर ४३ डिग्री झाले, दर डिग्रीला साधारण ०.३५ टक्के पॉवर पडते, म्हणजे १५ टक्के इथंच गेले. ३२४० गुणिले ०.९५ (१००० ऐवजी ९५० ऊन) गुणिले ०.८५, आले २६१६. वायर, इन्व्हर्टर, धूळ मिळून १० टक्के सोडा, राहिले २३५०. तुमचं सोलर चोख चाललंय. फेब्रुवारीत हवा गार असते, म्हणून तेव्हा जास्त. वारं असलं की पॅनल अजून गार राहतं आणि पत्र्याला चिकटून बसवलं असेल तर जास्त तापतं, हे मात्र या सूत्रात येत नाही.

तासगावकर:
भारी समजावलंत. पण ९५० मोजायचं कशानं? मोबाईलचं लक्स अॅप चालेल का?

कृष्णाकाठ:
नको, ते डोळ्याला दिसणाऱ्या उजेडापुरतं असतं. एक छोटं पॅनल घ्या, मोठ्या पॅनलच्याच उतारावर ठेवा आणि मल्टीमीटर डीसी अँपिअरवर लावून शॉर्ट सर्किट करंट बघा, म्हणजे छोट्या पॅनलच्या दोन्ही वायरी थेट मीटरला जोडून येणारा करंट. लेबलवर ०.६० अँपिअर असेल आणि तुम्हाला ०.५७ आला तर ऊन ९५०. करंट उन्हाच्या प्रमाणात चालतो, उष्णतेनं फारसा हलत नाही. हे छोट्याच पॅनलवर करा, छतावरच्या जोडलेल्या वायरी अजिबात उघडू नका, तिथं डीसीचा व्होल्टेज जिवावर बेतणारा असतो.

पलूसचा शेतकरी:
धूळ १० टक्क्यांत बसवलीत खरी, पण आपल्या भागात उसाचं पाचट पेटवतात ती काजळी धरा की. ती नुसत्या वाऱ्यानं उडत नाही, दवानं पॅनलच्या खालच्या कडेला चिकटून बसते आणि तिथली सेलची ओळ झाकली की तिच्याशी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, जोडलेल्या बाकीच्या सेलचाही करंट दाबला जातो. सकाळी पॅनल गार असताना साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं धुवा, तापलेल्या काचेवर पाणी मारू नका. पॅनल सिरीजमध्ये असतात, त्यामुळं एकच धुऊन फरक कळायचा नाही, सगळे धुवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेचा आकडा बघा.

तासगावकर:
खालच्या कडेला काळी रेघ आहे खरी. उद्या सकाळीच धुतो आणि दुपारचा आकडा इथं टाकतो.