दंडावर आपोआप काळेनिळे डाग, प्लेटलेट नॉर्मल... आता कुठे दाखवू?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी होती. काही महिने झाले, डाव्या दंडाला आतल्या बाजूने काळेनिळे डाग येतायत, मार लागल्याचं आठवत नाही, दुखतही नाही फारसं, आंघोळीच्या वेळी नजर जाते तेव्हा कळतं. जांभळा डाग हिरवट होतो, मग पिवळा पडून जातो, तोवर शेजारी दुसरा हजर. नवरा म्हणतो ठाण्याला लेडीज डब्यात चढताना कोणाचं तरी कोपर बसलं असेल, शक्य आहे, पण गणपतीच्या सुट्टीत घरीच होते तेव्हाही आले त्याचं काय? (सासूबाईंच्या मीठमोहऱ्या ओवाळून झाल्यात.)

डॉक्टरांनी पावसाळा म्हणून डेंग्यू आणि सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट) करायला लावलं. डेंग्यू निगेटिव्ह, हिमोग्लोबिन 9.8, प्लेटलेट 2 लाख 30 हजार, म्हणजे दीड ते साडेचार लाखांत बसतात, म्हणून बी कॉम्प्लेक्स देऊन मोकळे झाले.

मला खटकतंय ते वेगळंच. पाळीत पहिल्यापासून खूप जातं, रात्री उठून पॅड बदलावं लागतं, आईचंही तसंच होतं त्यामुळे आमच्याकडे असंच असतं म्हणून सोडून दिलेलं. अक्कलदाढ काढली तेव्हा रात्रीपर्यंत कापसाचे बोळे भिजत होते. हे कोणी विचारलंच नाही! शिवाय डोकं दुखलं की कॉम्बिफ्लाम घेते. तर प्लेटलेटचा आकडा बरोबर असून गडबड असू शकते का? आणि स्किनवाल्याकडे जाऊ की कोणाकडे?

प्रतिसाद:
हो ताई, असू शकते. कॉम्बिफ्लाममधल्या आयबुप्रोफेनने प्लेटलेट कमी होत नाहीत पण त्यांचं काम मंदावतं, डॉक्टरांना विचारून नुसत्या पॅरासिटामॉलवर या. पाळी, दाढ, आई हे तिन्ही ऐकून मला व्हॉन विलेब्रांड या आजाराची शंका येते, त्यात रक्त गोठायला लागणारं एक प्रोटीन कमी असतं किंवा नीट काम करत नाही, हा आजार आईबाबांकडून येतो. सीबीसीत ते दिसतच नाही, पीटी-एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या टेस्ट) याही कधी कधी नॉर्मल येतात, त्याची टेस्ट वेगळी असते आणि कधी परत करावी लागते. स्किनवाला नको, हिमॅटॉलॉजिस्ट म्हणजे रक्ताच्या आजारांचे डॉक्टर गाठा. परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात एनआयआयएच (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी) आहे, तिथे रक्तस्रावाच्या आजारांचंच काम चालतं. जाताना पाळीचं आणि दाढेचं आधी सांगा, डाग मागाहून दाखवा. आणि हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर बारीक लाल ठिपके उठले किंवा शी डांबरासारखी काळी झाली तर थेट कॅज्युअल्टी. आयर्नच्या गोळीनेही शी काळी होते, चालू असेल तर तेही सांगा.