इंदूर : धाकट्या भावाची पावडर सोडवायची आहे, गोळीचा उपचार कुठे आणि कितीत होईल?

रेवा_इंदूर
नमस्कार. आम्ही सुदामा नगरला राहतो. धाकटा भाऊ, वय २४, पन्नीवर ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइनची पावडर, ओढतो. इंजेक्शन नाही. आता स्वतःच म्हणतोय, "ताई, सोडायचंय, पण नाही घेतली की जीव जातो." रात्री मिळाली नाही तर सकाळी जांभयांवर जांभया, नाक गळतं, अंगावर काटा येतो आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की पाय भिंतीवर आपटत बसतो. आई ओढणीने त्याच्या पोटऱ्या बांधून देते. बाबा रिटायर्ड, माझा पगार बेताचा, महिन्याला ३-४ हजारांच्या वर जमणार नाही. जिभेखाली ठेवायची गोळी असते म्हणतात. कोणाला अनुभव आहे का? पोलिसांची भानगड होते का?

शेखर_राजवाडा
ताई, पैशांकडे बघू नका. भाच्याला आम्ही बायपासकडच्या प्रायव्हेट सेंटरमध्ये ठेवलं होतं. महिन्याला ३० हजार, एसी रूम, योगा, जेवण एकदम घरच्यासारखं. आज पोरगा पुण्याला नोकरी करतो. नंबर हवा असेल तर मेसेज करा.

रेवा_इंदूर
दादा, ३-४ हजार लिहिलंय मी.

रामबागचे_काका
गोळी म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरणं. आठवडाभर खोलीत बंद करा, लिंबू-पाणी द्या, मन घट्ट करायला सांगा. माझी तंबाखू मी अशीच सोडली.

माधवी_फार्मासिस्ट
काका, तंबाखू वेगळी आणि हेरॉइन वेगळं. त्रास ६ ते १२ तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि आठवड्याभरात ओसरतो, एवढं खरं. खरा धोका त्यानंतर आहे. शरीराची सवय मोडलेली असते, मुलगा बाहेर येऊन जुन्याच मापाने ओढतो आणि श्वास बंद पडतो. म्हणून कोंडून ठेवण्याचा सल्ला कृपया कोणाला देऊ नका.

रेवाताई, त्या गोळीत ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलॉक्सोन असतं, ४ ला १ या प्रमाणात. पहिलं तलफ आणि अंगदुखी थांबवतं. ठरावीक डोसनंतर त्याचा असर वाढत नाही, त्यामुळे हेरॉइनसारखी किक लागत नाही. जिभेखाली ठेवलं तर नॅलॉक्सोनचा फारसा परिणाम होत नाही, पण गोळी विरघळवून कोणी टोचून घेतली तर तेच त्रास सुरू करतं. जागतिक आरोग्य संघटनेने ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही दोन्ही औषधं २००५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. कोपऱ्यावरच्या मेडिकलवर मागू नका, मिळायची नाही, डॉक्टरांमार्फतच घ्या. सरकारी व्यसनमुक्ती उपचार केंद्रांत ही फुकट मिळते. १४४४६ वर फोन करा, राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, जवळचं केंद्र सांगतात.

मंदसौरी_भाऊ
आमच्याकडे म्हाताऱ्या लोकांना अफू आणि डोडा (अफूच्या बोंडांचा भुसा), दोन्हींची सवय. ही गोळी त्यावरही चालते, आमच्या आजोबांची त्यानेच सुटली. सरकारने अफूच्या शेतीचं लायसन्सच बंद करायला हवं.

नीमच_४५८
लायसन्सवाल्या शेतकऱ्याला का बदनाम करता? माल मोजून सरकारलाच द्यावा लागतो, औषधासाठी कारखान्यात जातो. सगळं केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोच्या देखरेखीखाली चालतं, त्यांचं मुख्यालय आपल्या ग्वाल्हेरलाच आहे.

मंदसौरी_भाऊ
मोजून द्यावा लागतो तर गावात येतो कुठून, ते पण सांगा.

वैशाली_काकू
भांडण बाजूला ठेवा. रेवा, आमच्या ह्यांना दारू सोडायची गोळी भाजीत घालून दिली होती, न सांगता. दोन आठवड्यांत सुटली. तसंच कर.

माधवी_फार्मासिस्ट
काकू, ती डायसल्फिराम. ती फक्त दारूसाठी असते, पावडरवर तिचा उपयोग नाही. आणि न सांगता देणं फार धोक्याचं. वरून दारू प्यायली तर बीपी कोसळतं, जीवसुद्धा जाऊ शकतो.

गोळीवर_आहे
मी स्वतः ही गोळी घेतोय, म्हणून लिहितो. ताई, पहिल्या गोळीची वेळ सगळ्यात महत्त्वाची. अंगात पावडर असताना ती घेतली तर त्रास एकदम उसळतो. माझ्या मित्राला कोणीतरी अशीच आणून दिली. त्याने दुपारी ओढलेली, संध्याकाळी गोळी ठेवली आणि तासाभरात उलट्या, जुलाब, घामाने बनियन भिजलं. आता तो म्हणतो गोळीच खराब. शेवटची ओढल्यावर निदान १२ तास जाऊ द्यायचे, जांभया-काटा सुरू झाला की डॉक्टरांसमोर पहिली घ्यायची. गिळायची नाही, पूर्ण विरघळेपर्यंत बोलायचंही नाही. मला बद्धकोष्ठ झालं, बाकी काही नाही. मी आता कामावर जातो, आईकडे पैसे मागत नाही. महिन्याभरात बंद करायची घाई मात्र करू नका.

शेखर_राजवाडा
भाच्याला तर त्या सेंटरने नाल्ट्रेक्सोन (नशेचा असर रोखणारं औषध) दिलं होतं, ते जास्त चांगलं. त्याने तलफच लागत नाही.

माधवी_फार्मासिस्ट
ते पूर्ण साफ झाल्यावर, ७ ते १० दिवसांनी देतात. आज ओढणाऱ्याला दिलं तर हाल होतील.
आणि पोलिसांचं : एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याच्या कलम ६४अ प्रमाणे स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून सूट मिळते. विकणाऱ्याला नाही. उपचार मध्येच सोडला तर सूट जाऊ शकते.

टिळकनगर_अमोल
१४४४६ वर फोन करा. सरकारीत फुकट मिळते. एमवायला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, विचारा, रोज जायला जवळ.

गोळीवर_आहे
हो, जवळचंच बघा. सुरुवातीला रोज जावं लागतं.

रेवा_इंदूर
सगळ्यांचे आभार. काल रात्री त्याच्यासमोर हा धागा वाचला. तो इंदूरमध्ये कुठेच जायला तयार नाही. म्हणतो, दवाखान्याच्या गेटवरच ओढणारे भेटतील. भोपाळला साकेत नगरात मावशी आहे, तिथून एम्स जवळ. तिथे मानसोपचार विभागात दाखवू आणि तो काही महिने मावशीकडेच राहील. रोज जायचं असेल तर मावशी सोबत जाईल. तुम्ही सगळे जवळचं सांगताय, पण जायला तो स्वतः तयार झालाय हे माझ्यासाठी मोठं आहे. सोमवारी निघतो.

शेखर_राजवाडा
एवढ्या लांब कशाला? इथे सगळी सोय आहे. परत विचार करा.

गोळीवर_आहे
जा ताई. शेवटची कधी ओढली ते डॉक्टरांना खरं सांगायला सांगा. झोपेची गोळी, अल्प्राझोलाम वगैरे घेत असेल तर तेही लपवू नका, या गोळीबरोबर ती आणि दारू दोन्ही श्वासाला घातक. आणि निघायच्या आधी मावशींना सगळं नीट सांगून ठेवा, पहिले तीन दिवस त्यांना एकटीला जड जातील.