मेंदूतली रक्ताची गाठ काढणारं नवं यंत्र : आधी कॅथलॅब की आधी सीटी?

कृष्णाकाठ, सांगली :
2025 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 'मिली-स्पिनर' दाखवला. पक्षाघातात मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गाठ सध्या जाळीच्या स्टेंटनं ओढतात किंवा नळीनं शोषतात. त्यात ती तुटली तर तुकडे पुढं जाऊन दुसरी वाहिनी बंद करतात. हे यंत्र गरगर फिरत गाठ दाबतं, घासतं. तांबड्या पेशी सुटतात, गाठ बांधून ठेवणारे फायब्रिनचे धागे आवळून बारीक गोळी होते, मूळ आकाराच्या 5 टक्क्यांपर्यंत. सर्वात चिवट गाठी पहिल्याच प्रयत्नात 90 टक्के वेळा निघाल्या, आजच्या साधनांनी 11 टक्के. अशी साधनं येतायत, तर चोवीस तास चालणारी कॅथलॅब, म्हणजे वाहिनीत नळी घालून गाठ काढायची खोली, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातच हवी.

जतकर :
ते आकडे प्रयोगशाळेतल्या नळ्यांचे आणि डुकरांवरचे, माणसांवरचे नव्हेत. माझ्या वडिलांचं पहाटे उठताना तोंड वाकडं झालं. 'अंगावरून वारं गेलं' म्हणत आम्ही तेल चोळत बसलो. पहिल्या दवाखान्यात सलाईन लावलं, मेंदूचा फोटो काढणारं सीटी स्कॅन नव्हतं. सांगलीत पोचलो तेव्हा दुपार झाली होती. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांत द्यावं लागतं, ते हुकलं. आज त्यांचा उजवा हात चालत नाही. दर मिनिटाला मेंदूच्या 19 लाख पेशी मरतात म्हणे; आमचे किती तास गेले ते मोजवत नाही. आधी तालुक्याला सीटी आणि इंजेक्शन द्या, मग जिल्ह्याला यंत्रं आणा.

कृष्णाकाठ, सांगली :
वाचून वाईट वाटलं. पण दादा, मोठ्या वाहिनीतली गाठ नुसत्या इंजेक्शननं बऱ्याचदा सुटत नाही. आणि 2018 च्या चाचण्यांनंतर निवडक रुग्णांची गाठ 24 तासांपर्यंत काढता येते. त्यात झोपेतून उठताना पक्षाघाताचा झटका लक्षात आलेले रुग्णही होते, तुमच्या वडिलांसारखेच.

आशा कार्यकर्ती, पाटण :
तुम्ही दोघं दवाखान्यातलं बोलताय, वेळ घरात जातो. कोयनेकडच्या वाड्यांवर मी एवढंच सांगते : तोंड वाकडं, हात खाली पडतोय, बोलणं अडखळतंय, की 108 ला फोन. तेल नाही, पाणीसुद्धा पाजायचं नाही, ठसका लागतो. आणि माणूस शेवटचा धड कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवायची. डॉक्टर तिथूनच तास मोजतात.

जतकर :
सीटीचं माझं म्हणणं मी मागं घेत नाही. पण ताई, वडील रात्री दहाला जेवून झोपले तेव्हा अगदी धड होते. म्हणजे दुपारी 24 तासांतले सहा-सात तास तरी शिल्लक होते. आम्हाला ती वेळ कुणी विचारलीच नाही.