मदत हवी आहे: सड्यावर प्लॉटिंग, वाटेला गेट आणि सातबाऱ्यावर ३७ नावं

लांज्याचीलेक:

नमस्कार मंडळी. लिहू की नको करत होते बरेच दिवस. गाव लांजा तालुक्यात, नाव टाकत नाही, अर्धं गाव इथे वाचत असतं आणि उरलेल्या अर्ध्याला स्क्रीनशॉट जातात. मी डोंबिवलीला असते, माहेर तिकडचं, आई आणि काका अजून गावातच.

आमच्या वाडीच्या डोक्यावर मोठा सडा आहे. ज्यांनी कोकणातला सडा बघितला नाही त्यांना सांगते, एप्रिल-मेमध्ये गेलात तर नुसता काळा कातळ, चपलेतून पाय भाजतो, आणि श्रावणात तिथेच गवत आणि रंगीबेरंगी फुलं की ओळखू येणार नाही. सातबाऱ्यावर बराचसा पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) म्हणून लागलाय. पण वाडीतल्या विहिरींचं पाणी तिथलं आहे, पाऊस कातळाच्या भेगांतून मुरतो आणि खाली झऱ्याला येतो, हे आमच्या आजीलासुद्धा माहीत होतं. गुरं तिथे, भाजावळीचं (भाताच्या रोपांआधी जमीन भाजायला लागतं ते) गवत तिथलं, सड्याच्या पलीकडच्या उताराला आमची काजूची झाडं, आणि त्याच वाटेवर देवाचं ठिकाण.

तर गेल्या दोनेक वर्षांत एक पार्टी (नाव घेत नाही) सड्यावरची जमीन घेतेय. गावात कोणी येत नाही, एजंट मुंबईतच फिरतो, नालासोपारा, दिवा, भांडुप करत करत सहहिस्सेदार शोधतो. आमचा गट सामाईक आहे, सातबाऱ्यावर ३७ नावं, त्यातली पाच-सहा माणसं वारली तरी वारस लागलेले नाहीत. त्यातल्या दोघांनी हिस्सा विकला. वाटणी कधी झालेलीच नाही, पण त्या दोन हिश्श्यांवर त्यांनी सगळ्या सड्याला चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, घातला. शिमग्याची पालखी फिरून देवळात बसली आणि पुढच्याच आठवड्यात वर जाणाऱ्या वाटेला लोखंडी गेट आणि कुलूप. माझ्या काकीला, साठ वर्षं त्या वाटेने गवताचे भारे आणलेत तिने, वॉचमन विचारतो कुठे चाललात. ती फोनवर म्हणाली, "बाय, आपल्याच वाटंवर मला इचारतो." आणि वॉचमन आमच्याच शेजारच्या वाडीतला पोरगा, त्याच्यावर तरी काय ओरडणार.

मे महिन्यात जेसीबी लावून आतले रस्ते केले, पऱ्याचं (ओढ्याचं) तोंड मातीने बुजवलं. पहिल्या पावसात विहिरीचं पाणी तांबडं, अजून गाळून उकळून पितायत. इंटरनेटवर मात्र 'फार्म प्लॉट, निसर्गाच्या कुशीत' अशी जाहिरात चालू आहे, फोटो आमच्याच सड्याचा आहे, ढग बिग टाकून.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय काढला तर कोरम नाही म्हणून तहकूब. सरपंच म्हणतात खाजगी जमीन आहे, आम्ही काय करणार. गणपतीला सगळे चाकरमानी येतील तेव्हा बसून ठरवू असं चाललंय.

आता खरी गोष्ट सांगते. मुलींना वारसाहक्क देणाऱ्या २००५ च्या कायद्यानंतर काकांनी स्वतःहून आम्हा बहिणींची नावं लावली होती, त्यामुळे त्या ३७ मध्ये माझंही नाव आहे. मागच्या महिन्यात एजंटचा फोन आला, ताई तुमची फक्त सही. आकडा ऐकून दोन मिनिटं गप्पच झाले, खोटं कशाला बोलू. नवरा म्हणतो विकून टाक, नाहीतरी तू कधी जाणारेस तिथे राहायला. आईला अजून सांगितलेलं नाही.

माझे प्रश्न: एनए (बिगरशेती) न करता असं प्लॉटिंग करता येतं का? पर्यावरणवाल्या कुठल्या खात्याकडे तक्रार करायची? आणि मी सही केली नाही तर काही फरक पडणारे का, की बाकीचे विकून मोकळे होतील आणि मी एकटीच राहीन?

तात्यापेडणेकर:

ताई, मी गोव्यातला. आमच्याकडे जमीन वापराच्या प्रादेशिक आराखडा २०११ विरोधात लोक रस्त्यावर आले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. पण तो एक आराखडा होता, एका ठिकाणी बोट दाखवता येत होतं. तुमच्याकडे एकेक सही विकत घेतायत, मोर्चा नेणार कुठे?

कातळवेडा:

सड्यावर कातळशिल्पं (कातळावर कोरलेली जुनी चित्रं) आहेत का हो? लांजा-राजापूर पट्ट्यात खूप सापडलीत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातल्या काही जागा गेल्या. असतील तर आधी फोटो काढून ठेवा, शेजारी फूटपट्टी ठेवून, आणि रत्नागिरीला राज्य पुरातत्त्व खात्याचं ऑफिस आहे तिथे लेखी कळवा. इथे जागा सांगू नका. चिऱ्याच्या मशीनला एक रात्र पुरते.

बाग्येवाला:

राग मानू नका पण स्पष्ट बोलतो. मी गावातच राहतो. काजू बीला भाव नाही, माकडं आणि डुक्कर काही ठेवत नाहीत, गडी मिळत नाही. तुम्हा मुंबईकरांना सडा हिरवा पाहिजे, चार दिवस गणपतीला येऊन रील काढायला. ज्या पोराला वॉचमनची नोकरी लागली त्याचं लग्न ठरलं त्याच्यावर, हे पण लिहा की. विकलं त्यांचं काय चुकलं?

लांज्याचीलेक:

@बाग्येवाला राग नाही दादा, वाढदिवसाला केक कापतात तसा सडा कापला म्हणून मलाच जास्त लागलं असेल. विकणाऱ्या दोघांपैकी एकाच्या बायकोचं डायलिसिस चालू आहे, त्याला काय बोलणार. पण त्याने त्याचा हिस्सा विकला, काकीची वाट नव्हती विकली ना.

@कातळवेडा गावात 'पांडवांची चित्रं' म्हणतात ती दोन-तीन आहेत. मी लहानपणी त्यावर बसून करवंदं खाल्लीत. कळवते.

जुनाअव्वलकारकून:

महसुलात नोकरी केली, आता घरी असतो. सल्ला फुकट आहे पण वकील जरूर गाठा.

ताई, तुम्ही एनए आणि पर्यावरण विचारताय, ते नंतर. मला आधी तारीख सांगा, गेटला कुलूप नक्की कधी लागलं? मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. वहिवाटीची वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला तर तहसीलदाराकडे दावा करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तुमचा शिमगा मार्चच्या सुरुवातीला झाला. यंदा गणपती १४ सप्टेंबरला. बसा मग आरती झाल्यावर मोदक खात, मुदत गेलेली असेल.

अर्जात फक्त 'देवाची वाट' असं लिहू नका. हा कायदा शेतीच्या, चराईच्या, झाडांच्या जमिनीकडे जाणाऱ्या वाटेचा आहे. काजूच्या बागेत जातो, गुरं नेतो, गवत आणतो हे लिहा, देव त्यानंतर. पऱ्या बुजवला तो मे महिन्यात, त्याची मुदत वेगळी मोजली जाईल, पण एकाच वेळी उरका. सोबत भूमी अभिलेखमधून गावनकाशाची नक्कल घ्या, वाट तुटक रेषेने दाखवलेली असली तर निम्मं काम झालं. काकीसारख्या दोन-तीन म्हाताऱ्या माणसांचे जबाब घ्या. पाण्याचे आणि गेटचे फोटो तारखेसकट. समजा मुदत हुकलीच तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, बांधावरून रस्ता मागायचा, पण ते नवीन रस्ता मागणं झालं, तुमची जुनी वाट सोडल्यासारखंच.

दुसरं, सामाईक गटातला हिस्सा घेणारा हा तुमच्यासारखाच एक हिस्सेदार. वाटणी होईपर्यंत अमुक तुकडा माझा असं त्याला म्हणता येत नाही, गडगा घालणं तर लांबच. म्हणून तर एजंट सह्या गोळा करत फिरतोय. ३७ पैकी एकानेही वाटणी मागितली किंवा हरकत घेतली की त्यांचं प्लॉटिंग अडकतं. तुम्ही विचारलंत फरक पडेल का, तर तुमच्या सहीला एवढा आकडा का देतायत याचा विचार करा.

फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदी) मंजूर झाले का बघा. नोटीस निघाल्यापासून १५ दिवसांत तलाठ्याकडे हरकत देता येते, 'आपली चावडी' वेबसाइटवर नोटिसा दिसतात. मंजूर झाले असतील तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील. घेणारा शेतकरी आहे का तेही काढा, कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. दस्ताची सूची २ (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) ऑनलाइन मिळते. वारस लागले नाहीत ते आधी लावा, मेलेल्या माणसाच्या नावावर कोणीतरी मुखत्यारपत्र काढतं, पाहिलंय मी.

रेराताई:

अव्वल कारकूनसाहेबांच्या पुढे एवढंच की जाहिरातीत महारेराचा (घर-प्लॉट प्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर आहे का ते बघा. ५०० चौरस मीटरच्या वर प्लॉट पाडून विकायचे तर नोंदणी लागते. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आजच काढा, तक्रार झाली की पेज उडवतात. आणि रस्त्यासाठी मुरूम, चिरा खणलाय तर गौण खनिजाची परवानगी होती का हे माहिती अधिकारात विचारा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विनापरवाना असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे.

बाग्येवाला:

अव्वल कारकून बरोबर बोलतायत. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी असंच झालं, आम्ही पाचजण गेलो तहसीलला तोपर्यंत आठ महिने झाले होते. ताई, लांज्याला साक्षीला माणूस कमी पडला तर सांगा, बाईकवर एक तास लागतो मला.

लांज्याचीलेक:

काकांना फोन लावला. कुलूप १२ मार्चला लागलं, त्यांनी कालनिर्णयवर लिहून ठेवलंय, दुधाच्या हिशोबाच्या खाली. म्हणजे माझ्याकडे साडेतीन आठवडे आहेत.

आईला एजंटचं सांगितलं. ती आकड्यावर काही बोलली नाही, फक्त म्हणाली की येताना विहिरीसाठी तुरटी घेऊन ये.

सोमवारी रात्रीच्या गाडीने निघतेय, मंगळवारी भूमी अभिलेख आणि तहसील. @बाग्येवाला दादा, व्यनि (खाजगी निरोप) केलाय नंबर. @जुनाअव्वलकारकून साहेब, अर्जाचा मसुदा रात्री इथे टाकते, गावाचं नाव काढून. जरा डोळ्याखालून घालाल का? आणि कोर्ट फी स्टँप किती लागतो तेही सांगा, तिथे व्हेंडर दुपारी जेवायला गेला की येतच नाही परत.