सहकुटुंब सातारा : बंगला घ्यावा की हॉटेल? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरअखेरीस घरचे सगळे मिळून साताऱ्याला निघालोय. आम्ही दोघं, मुलं, दीर-जाऊ, त्यांची दीड वर्षाची लेक, सासू-सासरे आणि सासूबाईंच्या आई, वय ८४. कासचं पठार, ठोसेघरचा धबधबा, सज्जनगड आणि पाऊस उघडला तर बामणोलीला बोट, एवढं डोक्यात आहे.

दीर म्हणतात, पोवई नाक्याजवळ हॉटेल घ्या, कटकट नको. मला मात्र यवतेश्वरच्या बाजूला अख्खा बंगला घ्यावासा वाटतोय. हॉटेलात चार खोल्या घेतल्या तरी त्या एका मजल्यावर मिळतीलच असं नाही, आणि रात्री गप्पा मारायला बसायचं कुठे? कुणाच्या तरी पलंगावर दहा जण! आजींना पहाटे चहा लागतो, जेवणात मऊ भात. बाळाची पेज खोलीतल्या किटलीत शिजत नाही. त्यात सासूबाईंची संकष्टी.

जाऊबाईंचा मुद्दाही खरा आहे. "बंगला म्हणजे पुरुषांची ट्रिप आणि आपली नुसती बदली, या ओट्यावरून त्या ओट्यावर." म्हणून केअरटेकर माणशी दर ठरवून पिठलं-भाकरी करून देतो अशीच जागा हवी. चहा-पेज आम्ही बघू.

खरी अडचण फोटोंची. सगळीकडे स्विमिंग पूल, लॉन, झोपाळा. एकाला म्हटलं, तळमजल्यावरच्या बाथरूमचा फोटो पाठवा, आजींना कमोड लागतो. त्याने समोरच्या डोंगराचा पाठवला! आगाऊ पैसे भरण्याआधी काय काय विचारून घ्यावं? आणि यवतेश्वर सोयीचं पडेल का?

– दहाजणांची_वरात

*

ताई, मी साताऱ्याचाच. आधी नकाशा बघा. यवतेश्वर कासच्या रस्त्यावर आहे, बामणोलीही त्याच रस्त्याने पुढे. पण सज्जनगड-ठोसेघरला जायचं तर घाट उतरून खाली यायचं, मग बोगद्यातून पलीकडे. म्हणजे एक दिवस सोयीचा, दुसऱ्या दिवशी उलटा फेरा. पावसाळी दिवसांत त्या घाटात धुकं असं उतरतं की पुढची गाडी दिसत नाही. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा.

कास २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत आलं, तेव्हापासून फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी माणसंच जास्त दिसतात. मधल्या वारी सकाळी लवकर जा, प्रवेशाचं ऑनलाइन बुकिंग आधी करा. सज्जनगडाच्या पायऱ्या आजींना झेपायच्या नाहीत, कुणीतरी खाली त्यांच्यासोबत थांबा.

मालकाला लाइट गेल्यावर इन्व्हर्टर किती वेळ चालतो आणि गिझर गॅसचा की विजेचा, एवढं नक्की विचारा. बंगल्यापर्यंतचा शेवटचा रस्ता कच्चा असेल तर चिखलात गाडी अडकते.

– कंदीपेढा

*

माझं मत बंगल्यालाच, पण गावात. शाहूपुरी किंवा गोडोलीकडे घर मिळतंय का बघा. बाळ आणि ८४ वर्षांच्या आजी सोबत असताना डॉक्टर आणि औषधाचं दुकान हाकेच्या अंतरावर हवं. धबधबा काय, लांब असला तरी चालतो. बाथरूमचा व्हिडिओ कॉलवर बघा. डिपॉझिट किती, परत कधी, रद्द केलं तर किती कापणार, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. फोनवरचं "होऊन जाईल ओ" धरू नका.

– भाकरतुकडा

*

दोघांचेही आभार. दीरांना वाचून दाखवलं, गावातल्या बंगल्याला त्यांची हरकत नाही म्हणे. आता शाहूपुरीतलं एक तळमजल्याचं घर बघतेय, पण तिथे जेवण करून मिळत नाही. त्या भागात दहा जणांचा घरगुती डबा देणाऱ्या मावशी कुणाला माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, संकष्टीच्या दिवशी मोदक केले तर दुधात साखर.

– दहाजणांची_वरात