केमोला कॅन्सरची पेशी कळते कशी?

कोथरूडकरीण: मावशीची तिसरी केमो झाली परवा. उशीवर केसांचे पुंजके, तोंड आलंय, साधा वरणभात झोंबतो म्हणते. प्रश्न बाळबोध असेल पण औषध गाठीसाठी दिलंय ना, मग केसांनी काय घोडं मारलं होतं?

पेठेतला: अगं ते सलाईनमधून अंगभर फिरतं. जुन्या केमोला गाठबीठ काही ओळखू येत नाही, जी पेशी भराभर दुभंगतेय तिला गाठायचं एवढंच, आणि केसांची मुळं, तोंडाचं अस्तर, रक्त बनवणारी मज्जा हीपण त्यातलीच, मग सुक्याबरोबर ओलंही जळतं. दोन डोसमध्ये गॅप ठेवतात ती मज्जा सावरायला. केस बहुतेक येतात परत.

सदाफुली_फॅन: आपल्या बाल्कनीतल्या सदाफुलीतूनच व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध मिळतं बरं का! पेशी दोन होताना क्रोमोसोम ओढायला बारीक दोऱ्या विणते, हे त्या विणूच देत नाही. पण पानं चावायला देऊ नका प्लीज, आमच्या सोसायटीतले एक काका सगळ्यांना तेच सांगत फिरतात, डोकं फिरतं माझं. विषारी असतात ती.

पेठेतला: नेम धरून मारणारी औषधंपण आहेत. ब्रेस्टचा असेल तर रिपोर्टमध्ये हर-टू बघ. काही गाठींच्या पेशींवर हे प्रोटीन खच्चून भरलेलं असतं, १९९८ ला आलेलं ट्रॅस्टुझुमॅब नेमकं त्यालाच चिकटतं. निगेटिव्ह असेल तर सहसा देत नाहीत.

कोथरूडकरीण: ब्रेस्टचाच आहे. फाईल काढली, हर-टू पुढे '२+' लिहिलंय, म्हणजे?

पेठेतला: अधलंमधलं. फिश टेस्ट (गाठीच्या पेशीत हर-टूच्या जीनच्या जादा प्रती आहेत का ते बघतात) करून ठरवतात, डॉक्टरांना विचार झाली का ते.